मूळ नमुना

सिग्नल हिरवा झाला आणि ती उभीच राहिली. दिवा तिला दिसला होता. तो कुठल्या जातीचा हिरवा, हेही तिनं सवयीनं हेरलं होतं: निळ्याकडे झुकलेला, काचेमागून आलेला, थंड. पण हिरवा म्हणजे आता निघायचं, हे आतून कुणीतरी सांगायचं असतं, आणि ते सांगणारं आज जागेवर नव्हतं. माणसं तिला वळसा घालून पुढे गेली. एकाची पिशवी तिच्या कोपराला लागली. मागून कुणीतरी म्हणालं, "ताई, जायचं नसेल तर बाजूला तरी व्हा." तिला ते पटलं. बाजूला व्हायला हवं, खरंच आहे. पण बाजू कुठली? मग दिवा लाल झाला, गाड्या सुटल्या, आणि तेव्हा कुठे तिच्या पायांना निघायची आज्ञा पोचली. एक पाय रस्त्यावर पडलासुद्धा. करकचून ब्रेक लागला, ड्रायव्हरनं काच खाली करून तोंडाला येईल ते सुनावलं, आणि ती त्याच्या हलणाऱ्या ओठांकडे बघत राहिली. भीती आली ती नंतर, फुटपाथवर परत आल्यावर, तीही मोठ्यानं ओरडत नव्हे. आपण आणि आपले पाय यांच्यामध्ये काहीतरी लांबलंय, एवढंच तिला कळलं. आणि ते आजचं नाही, हेही.

गिरणीत तिला सगळे मास्तरीण म्हणत. शाळेचा आणि तिचा काही संबंध नव्हता. कापड रंगवायच्या गिरणीत शेड जुळवायचं तिचं काम. गिऱ्हाईक बोटभर कापडाचा तुकडा पाठवतं आणि म्हणतं, अस्सा रंग पाहिजे. तो तुकडा म्हणजे मूळ नमुना. त्याला काळ्या कागदात गुंडाळून अंधारात ठेवायचं, कारण उजेडात रंग उतरतो, आणि मूळ नमुनाच उतरला तर पुढचं सगळं चुकत जातं. शिवाय चुकतंय हे कुणाला कळतही नाही, कारण जो तो त्या उतरलेल्या तुकड्याशीच जुळवत बसतो. हे तिला तिच्या वरिष्ठांनी पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं आणि तिनं पुढे सगळ्यांना शिकवलं. मास्तरीण हे नाव पडलं ते बहुधा त्यामुळे. काम चालायचं ते एका कपाटाएवढ्या पेटीत. आतून सगळी राखाडी, वर दिवे. तिचा कोटही राखाडी, डोळ्याला कशाचीच बाधा नको म्हणून. तासन्‌तास त्या पेटीत डोकं घालून बाहेर आलं की जग कसं अंगावर यायचं! भाजीच्या गाडीवरच्या टोमॅटोंसमोर ती वेड्यासारखी थांबायची, नवऱ्याला म्हणायची, "थांब रे जरा, बघू दे." तो लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस, दिवसभर अंधाऱ्या बोळकांडीत दोरांना तेल घालणारा, तो म्हणायचा, "टोमॅटोच आहेत ते. पळून नाही जात." गेल्या काही महिन्यांत कधीतरी पेटीचा तो राखाडी बाहेर आला होता. कधी, ते तिला सांगता येत नव्हतं. आधी आकाशाला लागला, मग झाडांना, मग माणसांच्या गालांना. ती पेटीतून डोकं बाहेर काढायची आणि बाहेर पेटीच असायची.

तेवढ्यावर भागलं असतं तर तिनं ते सोसलंही असतं. पण डोक्यातले आकडे सांडायला लागले. कुठला रंग किती टक्के, हे वाचून ती तराजूपाशी जायची, आणि जाईपर्यंत हातात रिकामं भांडं आणि डोक्यात रिकामी जागा. परत यायची, परत वाचायची. नवरा जेवताना काही बोलायचा, ते शब्द तिच्यापर्यंत उशिरा यायचे, विहिरीत टाकलेल्या दगडाचा आवाज यावा तसे. तोवर तो पुढचं बोलून मोकळा झालेला असायचा. मग तो कमी बोलायला लागला. लहानपणापासून उठल्याबरोबर देवाचं नाव घ्यायची तिला सवय. कोणी लावली नव्हती, आपोआप लागलेली, श्वासाला लागून आलेली. आता ती नाव घ्यायची आणि ते जिभेवर कागदाच्या बोळ्यासारखं पडून राहायचं. देव रागावलाय असं वाटलं असतं तरी चाललं असतं. रागावलेल्याशी निदान बोलता येतं. इथे पलीकडे कुणी आहे असंच वाटत नव्हतं, आणि अलीकडेही फारसं कुणी उरलेलं नव्हतं. मग गिळणं व्यर्थ वाटू लागलं. तहान लागायची, पेला समोर असायचा, आणि उचलून काय होणार, हा प्रश्न पेल्याहून जड व्हायचा.

नणंद आली ती वादळासारखी. ती गाडी चालवायला शिकवत असे. स्वतःची छोटी गाडी, वर मोठ्या अक्षरांत पाटी, आणि शिकणाऱ्याच्या शेजारच्या सीटच्या पायाशी आणखी एक ब्रेक. आयुष्यभर भित्र्या माणसांशेजारी बसून तिचा आवाज तसाच होऊन गेला होता. दारातूनच म्हणाली, "वहिनी, आरशात बघितलंस का? नाही ना? बरं झालं, नकोच बघू." मग भावाकडे वळून, "आणि तू रे? लिफ्टचा दोर एवढा झिजेपर्यंत थांबला असतास का?" त्याची मान खाली गेली, आणि ती खाली गेलेली मान तिला फार दुरून, दुसऱ्याच्या खिडकीतून दिसावी तशी दिसली. या माणसाला आपण दुःख देतोय, हे तिला कळत होतं. कळण्याच्या पुढे मात्र काही सरकत नव्हतं.

हॉस्पिटलात आधी सलाइन लावलं, मग तपासण्या. गोळ्या आधीच झाल्या होत्या, बदलून झाल्या होत्या, दोन-दोन मिळून झाल्या होत्या. डॉक्टरबाई वयस्कर, बुटक्या, चष्मा गळ्यात लोंबकळणारा. तिचं काम ऐकून त्यांनी तिला डोळ्यांच्या खोलीत पाठवलं, तिथे काळ्या-पांढऱ्या चौकटींचा एक पट डोळ्यांसमोर लुकलुकवला आणि डोळ्यांशी लावलेल्या तारांनी कागदावर रेघ काढली. "तुम्ही म्हणता ना सगळं राखाडी झालंय," डॉक्टरबाई म्हणाल्या, "ते नुसतं म्हणणं नाहीये. या आजारात काहींचा डोळ्याचा पडदाच फरक कमी टिपायला लागतो. तुमची रेघ बघा, किती बसकी आहे." ती त्या रेघेकडे बघत राहिली. दुसऱ्या कुणाला हायसं वाटलं असतं. तिला नाही वाटलं. म्हणजे ते खरं होतं. रोग मनात आहे असं सगळे म्हणत होते, तो डोळ्यापर्यंत उतरला होता, तिच्या पोटापाण्याच्या जागी येऊन बसला होता. "आणि विसरायला होतं ते?" तिनं विचारलं. विचारायलाही वेळ लागला, डॉक्टरबाई थांबल्या. "तेही त्यातलंच. आठवण ठेवणारा मेंदूचा भाग अशा आजारात आखडतो, विचार मंदावतो. बरं वाटलं की बरंचसं परत येतं." मग त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि विजेच्या उपचाराचं सांगितलं. भूल देऊन करतात, दुखत नाही, स्नायू ढिले पाडायचं औषध देतात. फक्त एका पायाला घोट्याशी पट्टा आवळतात, म्हणजे औषध त्या पावलात उतरत नाही. मेंदूत झटका आला की तेवढं एक पाऊल हलतं आणि डॉक्टरांना कळतं. "तुम्ही खातपीत नाही आहात. यापेक्षा लवकर गुण येणारं माझ्याकडे काही नाही."

"आणि आठवणी?" नणंदेनं विचारलं.

"उपचाराच्या आसपासचे दिवस बहुतेक जातात. जुन्यातलंही काही पुसट होतं, बरंच परत येतं, थोडं नाही येत. काय राहील नि काय जाईल, हे मी आधी नाही सांगू शकत. खोटं कशाला बोलू?"

त्या खरेपणानंच तिला धडकी भरली. कितीतरी दिवसांत पहिल्यांदा भीतीला टोक आलं. तिच्या डोक्यात तीस वर्षांचे रंग होते. पण त्यातही एक असा होता की जो दुसरीकडे कुठेच नव्हता. लहानपणी ते भाड्याच्या दोन खोल्यांत राहत. वडील बोटी रंगवायला जात आणि उरलेले डबे घरी आणत. एका सुट्टीच्या दिवशी त्यांनी सगळे डबे एकात एक ओतले, काठीनं ढवळले, आणि दाराला तो रंग दिला. निळा म्हणावा तर हिरवा, आणि खालून कुठूनतरी तांबूस ऊब. कुठल्याच कारखान्यात तो कधी झाला नसता, आणि वडिलांना स्वतःलाही परत जमला नसता. आई म्हणाली होती, "हे काय केलंत? आता पाहुणे घर शोधतील की पळतील?" तिचा हात दाराच्या कडीपर्यंतही पोचत नव्हता तेव्हा, पण त्या रंगासमोर ती नाक टेकवून उभी राहिली होती, आणि पुढे जे काही झाली ती तिथून झाली. घर पाडलं. वडील गेले, आई गेली. दार आता एवढ्या मोठ्या जगात एकाच ठिकाणी उरलं होतं, तिच्या कपाळामागे. आणि बरोबर तिथेच वीज लावायची होती. गेलं, तर गेलं हेही कळणार नव्हतं. कारण आपण बदललो की नाही, हे ठरवणारं जे कोणी आत बसलंय, तेच बदललेलं असणार. उतरलेल्या नमुन्याशी जुळवून सगळं ठीक आहे म्हणणारं.

तेव्हा तिला ती युक्ती सुचली. हॉस्पिटलातून एक दिवसासाठी घरी सोडलं होतं. ती नवऱ्याला म्हणाली, "मला गिरणीत ने." इतक्या दिवसांत तिनं मागितलेली ही पहिली गोष्ट, त्या बिचाऱ्यानं कारणही विचारलं नाही, चपला उलट्यासुलट्या घातल्या आणि निघाला. सुट्टी होती, पहारेकऱ्यानं ओळखून आत सोडलं. तिनं भांडी मांडली. पाच रंग काढले. आकडे सांडत होते, म्हणून नवऱ्याला तराजूपाशी उभं केलं आणि त्याच्याकडून मोठ्यानं वदवून घेतलं. पहिला तुकडा चुकला, दुसरा चुकला. डोळे मिटून ती दारापाशी जायची, उघडून तुकड्याशी यायची, पुन्हा जायची. शेवटी एक जुळला. जुळला म्हणजे दोन्हींत फरक दिसेनासा झाला. तो वाळवून तिनं काळ्या कागदात गुंडाळला आणि पिशवीत ठेवला. उपचारानंतर उघडून बघायचं. डोक्यातलं दार आणि हा तुकडा एकमेकांशी जुळले, तर ती ती आहे. नाही जुळले, तर पुढचे झटके घ्यायचे नाहीत, मग काय व्हायचं ते होवो. नवऱ्यानं वाटेत विचारलं, "कसला रंग केलास?" ती म्हणाली, "घरचा." उपचाराच्या कागदावर सही त्या संध्याकाळी केली.

मग आठवड्यांचा एक तुकडा कात्रीनं कापून नेल्यासारखा आहे. राहिलं ते असं: छताला चिकटलेला दिवा, घोट्याला पट्टा, तोंडात रबराचा बोळा, "दीर्घ श्वास घ्या" म्हणणारा आवाज, आणि मग काहीच नाही, काहीच नसण्याची लांबीसुद्धा नाही. जागं होताना एक चेहरा. नाव सांगा. कुठे आहात सांगा. वार कुठला. प्रत्येक उत्तर घागरीसारखं खोल जाऊन वर ओढून आणायचं, आणि ते वर येईपर्यंत ती कोणाचीच नसायची, कुठलीच नसायची. ती भीती नवीन होती. आधीची भीती ओल्या घोंगडीसारखी, ही सुईसारखी. पण एका सकाळी तिला साबणाचा वास आला. हात धुताना नुसता साबणाचा वास, आणि तिनं हात पुन्हा धुतले. त्या दिवशी तिनं सूप मागून घेतलं आणि मीठ कमी आहे म्हणून कुरकूर केली. नणंद म्हणाली, "झालं. वहिनी परत आली. आता माझी काही खैर नाही." नवरा मात्र खोलीबाहेर जाऊन उभा राहिला, आणि बराच वेळ आत आला नाही.

तिला घरी सोडलं होतं, पण उपचार अजून बाकी होते. दर खेपेला नणंद गाडीतून नेई-आणी. त्या सकाळी निघण्याआधी, खिडकीशी, चांगल्या उजेडात तिनं काळा कागद उलगडला. आत मातकट, मेलेला, पावसाळी गटारासारखा एक तुकडा होता. तिनं डोळे मिटले. दार तिथे होतं. निळं म्हणावं तर हिरवं, खालून तांबूस ऊब, कडीपाशी ओघळ. डोळे उघडले, तुकडा. जवळपाससुद्धा नव्हते. म्हणजे वीज आत शिरून दारावर हात फिरवून गेली होती. आता आत जे झळकतंय ते दुसरंच कुठलं तरी दार, कुणीतरी नंतर आणून बसवलेलं. ती खुर्चीवर बसली. आणि बसल्या बसल्या, हळूहळू, तीस वर्षांच्या सवयीनं दुसरा प्रश्न वर आला: हा नमुना केला तेव्हा डोळा कसा होता? बसक्या रेघेचा. राखाडी पेटीतला. फरक न टिपणारा. जुळला म्हणजे फरक दिसेनासा झाला, असंच नव्हतं का तिनं मानलं? आणि तेव्हा तिला कशातच फरक दिसत नव्हता. कुणी शिकाऊ पोर असं करती, तर तिनं तिला कोपऱ्यात उभं केलं असतं: अगं, दुखऱ्या डोळ्यानं नमुना करतात का? हे सुचलं तरी भीती हलली नाही, उलट तिला दुसरं तोंड फुटलं. तुकडा खोटा ठरला, म्हणून दार खरं ठरत नव्हतं. साक्षीदार दोन, एक आजारी, एक झटके खाल्लेला. तिसरा कोण?

तिनं स्वतःच्या थोरल्या भावाला फोन लावला. तो लांबच्या शहरात, नातवंडांत. "दादा, आपल्या जुन्या घराचं दार आठवतं?"

"दार? का गं, काय झालं? बरी आहेस ना?"

"बरी आहे. रंग कुठला होता सांग."

"तपकिरी नव्हता का? का निळसर? आई त्याला काहीतरी म्हणायची, हसायची. मला ना, त्याचा आवाज आठवतो. पावसाळ्यात फुगायचं आणि लाथ मारून उघडावं लागायचं." मग थोडं थांबून, "तू इतक्या वर्षांनी फोन करून हेच विचारलंस?"

"हो," ती म्हणाली, आणि फोन ठेवला.

गाडीत ती नेहमीप्रमाणे नणंदेच्या शेजारी बसली, तुकडा मुठीत. रस्त्यावर ऊन होतं, माणसांच्या कपड्यांवर रंग होते, आणि ते सगळे तिला दिसत होते, हीच तर पंचाईत होती. दिसत होतं म्हणून गमावण्यासारखं होतं. आधी काहीच दिसत नव्हतं, त्या मानानं तेव्हा सही करणं सोपं गेलं होतं. हॉस्पिटलचं फाटक आलं, नणंदेनं गाडी वळवायला घेतली, आणि तिनं पाय दाबला. तिच्या पायाशी ब्रेक होता, हे तिलाही दाबल्यावरच कळलं. गाडी अर्ध्या वळणावर गचकन थांबली. मागच्यांनी भोंग्यांचा कल्लोळ केला.

नणंदेनं दोन्ही हात चाकावरच ठेवले. "वहिनी," ती शांतपणे म्हणाली, "हा ब्रेक मी स्वतःच्या जिवासाठी बसवलाय. काय झालं?"

"पुढच्या वेळी दार गेलं तर?"

"कसलं दार?"

तिनं सांगितलं. वडील, डबे, काठी, तुकडा, सगळं. मागे भोंगे वाजत असताना, भरभर, न अडखळता. इतकं सलग ती कित्येक महिन्यांत बोलली नव्हती. नणंदेनं ऐकून घेतलं. एकानं खिडकीशी येऊन शिवी दिली, त्याला नणंद म्हणाली, "शिकाऊ आहे हो, सांभाळून घ्या," आणि पाटीकडे बोट दाखवलं. मग इकडे वळून म्हणाली, "मला रंगातलं ओ की ठो कळत नाही. आत्ता सांगितलंस ते दार मला दिसलं, एवढं खरं. बरोबर दिसलं का ते देवाला माहीत. आणि मागे तू कशी होतीस, तेही मी बघितलंय. तेव्हा तुला दार होतं का गं?"

तिनं आठवून पाहिलं. पेल्यासमोर बसलेले ते दिवस. दार तेव्हाही असणार, कुठे जाणार? पण त्या दिवसांत ती एकदाही त्याच्यासमोर उभी राहिली नव्हती. हरवण्याची भीती वाटेपर्यंत ते तिच्या ध्यानातही नव्हतं. डॉक्टरबाईंनी मागच्याच खेपेला सांगितलं होतं, मधेच सोडलंत तर आजार परत यायची शक्यता मोठी आहे. वीज थोडं नेईल, की नेणार नाही, कोण जाणे. तो राखाडी मात्र काही शिल्लक ठेवत नाही, हे तिनं पाहिलं होतं. दोन भीतींच्या मध्ये ती अर्ध्या वळणावर बसून राहिली. मूठ घामानं ओली झाली, आणि तुकड्याचा कच्चा रंग तळहाताला लागला. तिनं काच खाली केली, तुकडा बाहेर टाकला नाही, नुसता हात बाहेर धरून वाऱ्यावर वाळवला. मग पाय उचलला. "चल," म्हणाली. "आरसा बघ आधी."

आतल्या खोलीत दोन सिस्टर होत्या, एक थोराड, एक लहानखुरी. पट्टा, तारा, थंड मलम. ती आडवी झाली. हृदय इतकं धडधडत होतं की पडद्यावरच्या रेघेकडे बघायची गरज नव्हती. लहानखुरी तिच्यावरून हात लांबवून थोराड सिस्टरकडे काहीतरी देत होती, दोघींच्या बाह्या क्षणभर शेजारी आल्या, आणि ती पडल्या पडल्या म्हणाली, "तुमचे गणवेश एका लॉटचे नाहीत."

"अहो, एकाच दुकानातून येतात," थोराड सिस्टर म्हणाली. "एकसारखेच आहेत."

"नाहीत. ह्यांच्यात पिवळा जास्त पडलाय. थोडासाच."

दोघींनी बाह्या जुळवून पाहिल्या, खिडकीकडे धरल्या, एकमेकींकडे बघितलं. लहानखुरी हसली. "आम्हाला नाही बाई दिसत."

"पण आहे," ती म्हणाली. आणि म्हणता म्हणता तिला आठवलं, उपचाराच्या आसपासचं सगळं जातं. या दोन बाह्या, हा पिवळा, हे आत्ताचं, हे थोड्या वेळानं कुठेच नसणार. जागी होईल तेव्हा तिला नाव विचारतील, वार विचारतील. हे कुणी विचारणार नाही, आणि विचारलं तरी तिच्याकडे उत्तर नसेल. भूल देणारे डॉक्टर उशाशी आले. तिनं लहानखुरीचं मनगट धरलं.

"सिस्टर, उठल्यावर मला हे आठवणार नाही."

"घाबरू नका. मी इथंच आहे."

"घाबरते आहे. त्याचं राहू दे. तुम्ही लक्षात ठेवा. मला विचारू नका, नुसतं सांगा."

"काय सांगू?"

"की मला फरक दिसला होता."

"सांगेन," सिस्टर म्हणाली, आणि मनगट सोडवून घेतलं नाही. मास्क खाली आला. दीर्घ श्वास घ्या, म्हणणारा आवाज आला. तिनं घेतला.